आत्मचरित्र लिहितोय, आणि धाकटी म्हणते "असं झालंच नव्हतं"

डबलबेल | रविवार, रात्री ९.१५

नमस्कार मंडळी. तीन वर्षं इथं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. नातीनं फोनमध्ये बोलून टंकायचं शिकवलंय, त्यामुळं मधूनच भलता शब्द उमटतो. सांभाळून घ्या.

मी एसटीत कंडक्टर होतो. १९७९ ला लागलो, २०१५ ला रिटायर झालो. गाव माणदेशातलं. रिटायर झाल्यावर पहिली दोन वर्षं बरी गेली, मग घरच्यांना माझा आणि मला घरच्यांचा कंटाळा आला. जेवायला बसलं की मी सुरू व्हायचो, अमक्या घाटात असं झालं, तमक्या मुक्कामाला तसं झालं. शेवटी नात म्हणाली, "आजोबा, हे सगळं लिहून काढा, म्हणजे आम्हाला जेवता येईल."

काढलं लिहून. दोनशे पानी चार वह्या भरल्या.

काय आठवतं आणि काय आठवत नाही याचं माझं मलाच नवल वाटतं. लग्नाची तारीख बायकोला विचारावी लागली (त्यावरून दोन दिवस चहा गार मिळाला). पण मुक्कामी गाडीची रात्र जशीच्या तशी डोळ्यापुढं आहे. गाडी देवळापुढं उभी. ड्रायव्हर मागच्या लांब सीटवर, मी मधल्या बाकड्यावर, तिकिटांचा ट्रे उशाला, पैशाची पिशवी पोटाशी आणि वरून चादर. पहाटे कुणीतरी बाहेरून पत्र्यावर थाप मारायचं. त्या थापेचा आवाज अजून कानात आहे, थाप मारणाऱ्याचं नाव मात्र गेलं.

आता अडचण सांगतो. भाऊबीजेला धाकटी बहीण आली होती. तिला हौसेनं दुसऱ्या वहीतला बहात्तरच्या दुष्काळाचा भाग वाचून दाखवला. त्यात असं आहे: "मोठ्या भावाला शाळेची गोडी नव्हती. दुष्काळ पडला तसा तो शाळा सोडून खडी फोडायला गेला." बहिणीनं हातातला लाडू ताटात ठेवला आणि म्हणाली, "असं झालंच नव्हतं. दादा रडत हुता. गुरुजी घरी आलं हुतं."

ती तेव्हा नऊ वर्षांची, मी पंधरा. मला गुरुजी घरी आलेले अजिबात आठवत नाहीत. पन्नास वर्षांनी कुणाचं खरं धरायचं? आणि दुसरं, मी काही पुढारी नाही की नट नाही. माझ्यासारख्याचं वाचणार कोण?

---

शेवंतीची वेणी | रविवार, रात्री ९.३२

काका, "म्हणजे आम्हाला जेवता येईल" वाचून मोठ्यानं हसले. लिहाच. वाचतेय.

---

अर्धा_कप | रविवार, रात्री ९.४०

+१. पुढील लेखनास शुभेच्छा.

---

खडूस | रविवार, रात्री १०.०५

थोडं कडू बोलतो. रिटायर झाला की प्रत्येकानं आत्मचरित्र लिहिलंच पाहिजे का? आमच्या सोसायटीत तिघांनी लिहिलीत. तिन्हींत नायक गरिबीतून वर येतो, साहेबाला बाणेदार उत्तर देतो आणि शेवटच्या पानावर शाल-श्रीफळ घेतो. भेट म्हणून मिळालेली तिन्ही पुस्तकं मी पूर्ण वाचलीत, तेव्हा मला बोलायचा हक्क आहे.

डबलबेल, एकच विचारतो. चार वह्या म्हणजे आठशे पानं. त्यात तुम्ही चुकलात असं किती वेळा लिहिलंय?

---

टंकनिका | रविवार, रात्री ११.२०

खडूस बोलले ते तिखट असलं तरी त्यात तथ्य आहे. मी गेली बावीस वर्षं डीटीपी आणि मुद्रितशोधन करते. हस्तलिखितं येतात त्यातली निम्मी आत्मचरित्रंच असतात. पहिलं वाक्य मी न वाचता टाइप करू शकते: "माझा जन्म एका खेडेगावात अत्यंत गरीब कुटुंबात झाला." मग आजोबा, पणजोबा, कुलदैवत, आडनावाची व्युत्पत्ती. पुस्तक सुरू होतं ते पान चाळीसच्या आसपास, लेखकाला आपण पुस्तक लिहितोय याचा विसर पडतो तेव्हा.

काका, तुमचं पुस्तक "ट्रे उशाला, पिशवी पोटाशी" इथं सुरू होतंय. तुम्ही ते धाग्यात सहज लिहून गेलात. वहीत आहे का ते? पैज लावते, नसेल. वहीत "एसटीची नोकरी अत्यंत जबाबदारीची होती" असं काहीतरी असेल.

थोडं कामाचं. टाइप करून घेणार असाल तर युनिकोडमध्येच घ्या, जुन्या फॉन्टमध्ये केलं तर पुढं मजकूर कुठं वापरताना भाषांतर केल्यासारखा त्रास होतो. डेमी आकाराच्या पानावर अडीचशे-तीनशे शब्द बसतात, त्यावरून तुमच्या वह्यांचा अंदाज येईल. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, भारतात फुकट मिळतो, त्याचे कुणी वेगळे पैसे मागितले तर दुसऱ्याकडं जा. आणि "आम्ही छापतो, तुम्ही फक्त तीनशे प्रती विकत घ्या" म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. माझ्या एका गिऱ्हाइकाच्या दिवाणाखाली अजून दोनशे ऐंशी प्रती आहेत. पाहुणा आला की दिवाण उघडतात.

---

मोडीवाचक | सोमवार, सकाळी ७.५०

"माझ्यासारख्याचं कोण वाचणार" याला उत्तर देतो.

पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे म्हणजे कर्जात बुडालेले भिक्षुक. चार पैसे दक्षिणा मिळेल म्हणून काकांबरोबर १८५७ साली उत्तरेत गेले आणि बंडात सापडले. झाशीला वेढा पडला तेव्हा ते झाशीत होते. त्यांनी ते लिहिलं १८८३ च्या सुमारास, इतिहासकार चिं. वि. वैद्यांनी सांगितलं म्हणून. म्हणजे घडल्यावर पंचवीस वर्षांनी, आठवणीतून. 'माझा प्रवास' छापून आलं १९०७ साली, तोवर भटजी गेले होते. आज त्या वेढ्याबद्दल एका साध्या माणसाच्या डोळ्यांनी काही वाचायचं तर मराठीत आपण त्यांच्याकडंच जातो.

आणि तुमच्या धाकटीच्या प्रश्नालाही इथंच एक पुस्ती. वैद्यांनी छापताना मजकुरात फेरफार केले होते. मूळ पाठ नंतर दत्तो वामन पोतदारांनी छापला, म्हणून आपल्याला फरक कळतो. तेव्हा पहिली वही फाडू नका. दुरुस्त्या नव्या वहीत करा.

---

जाई | सोमवार, सकाळी ११.१०

मी आईच्या आठवणी रेकॉर्ड केल्यात म्हणून अनुभव सांगते.

सुरुवातीला तिला खुर्चीत बसवून समोर फोन ठेवला आणि विचारलं, "आई, तुझं बालपण सांग." ती जी अवघडली! "आमचं काय बालपण, खेळलो-बागडलो, लग्न झालं." दोन मिनिटं एकवीस सेकंद, संपलं चरित्र. आठवडाभर नाद सोडला. मग एकदा ती तांदूळ निवडत होती, फोन असाच ओट्यावर चालू ठेवला आणि मी शेजारी बसून लसूण सोलायला घेतला. पाऊण तास बोलली. हात कामात असले की माणूस बोलतो. आता माझ्याकडं सतरा तास आहेत, त्यातले तासभर तरी कुकरच्या शिट्ट्या.

आणि सालाचा घोळ असेल तर भांडी बघा! आमच्याकडं लग्नामुंजीत आलेल्या प्रत्येक भांड्यावर नाव आणि तारीख कोरलेली आहे. आई म्हणत होती मोठ्या मावशीचं लग्न ती सहावीत असताना झालं. माळ्यावरची कळशी काढली तर त्यावर "मामांकडून सप्रेम भेट, ता. १४-५-६८". म्हणजे आई तेव्हा आठवीत. आईनं कळशी उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाली, "कोरणाऱ्यानं चुकीचं कोरलं असेल."

---

शेवंतीची वेणी | सोमवार, सकाळी ११.१८

"कोरणाऱ्यानं चुकीचं कोरलं असेल" 😂 सगळ्या आया एकाच शाळेत शिकल्यात.

---

नाना_न्यूजर्सी | सोमवार, दुपारी ४.०५

बाबा सांगलीत, मी इथं. दर रविवारी व्हिडिओ कॉल. त्यांना आठवणी लिहायला सांगितलं तर तेच तीन किस्से. मग बहिणीनं सुचवलं म्हणून म्हटलं, "लिहू नका, जुन्या घराचा नकाशा काढून द्या." त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या मागं पेन्सिलीनं काढला. ओसरी, माजघर, परसात आड, गोठा. आणि माजघराच्या कोपऱ्यात एक छोटा चौकोन, खाली "इथे आक्का बसायची".

मी पन्नाशीचा झालो, मला आक्का नावाची कुणी होती हेच माहीत नव्हतं. बाबांची आत्या. बालविधवा. त्या कोपऱ्यातून बाहेर यायची ती फक्त पाणी भरायला. तीन रविवार त्या चौकोनावर गेले.

---

वकीलीण | सोमवार, रात्री ८.३०

जिवंत माणसांबद्दल लिहिताना एवढं लक्षात ठेवा. बदनामीचं कलम पूर्वी भारतीय दंड विधानाचं ४९९-५०० होतं, जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेत ३५६ आहे. लोकांना वाटतं "खरं आहे ना, मग झालं". तसं नाही. फौजदारीत खरं असणं पुरत नाही, ते सांगणं लोकहिताचं आहे हेही दाखवावं लागतं. आणि गेलेल्या माणसाबद्दल त्याच्या घरच्यांच्या भावना दुखवायच्या हेतूनं लिहिलं तर तेही यात येऊ शकतं.

व्यवहारात सांगायचं तर आत्मचरित्रावरून कोर्टात फारसं कुणी जात नाही. बोलणं टाकतात. त्याला कलम नाही.

---

गावकूस | सोमवार, रात्री १०.४५

वकीलीणताई, शेवटची ओळ अगदी खरी. माझ्या चुलत्यानं तीन वर्षं टाकलंय बोलणं.

मी आमच्या वस्तीबद्दल लिहिलं. गावानं काय केलं ते लिहिलं तोवर वस्ती खूश होती. वस्तीतली दारू, बायांना होणारी मारहाण लिहिली आणि चुलता म्हणाला, "घरचं उकिरड्यावर नेऊन टाकलंस." माझ्याजवळ त्याला उत्तर नव्हतं, अजूनही पुरतं नाही.

डबलबेल काका, तुमच्याच बाजूचं सांगतो. फलटणच्या बेबी कांबळे. दुकानात बसून, गल्ल्यावरचं काम सांभाळून लिहायच्या आणि घरच्यांपासून वह्या लपवून ठेवायच्या. कितीतरी वर्षं ते लिखाण तसंच पडून होतं. पुस्तक आलं १९८६ ला. नाव बघा, 'जिणं आमुचं'. माझं नाही, आमुचं. अख्ख्या पुस्तकात बाई स्वतःपेक्षा महारवाड्यातल्या बायांबद्दल जास्त बोलतात. मी अडलो की ते नाव आठवतो. "मी" लिहिताना माझा हात आखडतो, "आम्ही" लिहिलं की चालतो. पण मग "आम्ही" म्हटलं की बाकीच्यांना विचारावं लागतं ना. तिथंच माझी गाडी रुतलीय.

---

खडूस | सोमवार, रात्री ११.००

गावकूस, तुमचं लिखाण कुठं वाचायला मिळेल? व्यक्तिगत निरोप पाठवा. खवचटपणे विचारत नाहीये.

---

डबलबेल | मंगळवार, सकाळी ६.२०

एवढे प्रतिसाद! रात्री नातीनं मोठ्यानं वाचून दाखवले. सगळ्यांचे आभार.

टंकनिकाताई, पैज जिंकलात. वहीत लिहिलंय, "एसटीची सेवा ही अत्यंत जबाबदारीची व जोखमीची होती." शब्द मागंपुढं, बाकी तेच.

खडूस, तुमच्या प्रश्नासाठी रात्री चारी वह्या चाळल्या. दोनदा चुकलोय. एकदा पावसात एक म्हातारी बिनतिकिटाची नेली आणि पुढच्या थांब्यावर चेकिंगवाले चढले. एकदा कॅश भरताना पैसे कमी आले ते खिशातून घातले. लिहिताना वाटलं होतं, बघा किती मोकळेपणानं लिहितोय. आता वाचलं तर दोन्ही ठिकाणी मीच भला दिसतो. ही चूक आहे की जाहिरात?

बहिणीचं मात्र पटत नाही. नऊ वर्षांच्या पोरीला काय कळतंय. भाऊ रडणारातला नव्हेच.

---

खडूस | मंगळवार, सकाळी ९.१०

"चूक आहे की जाहिरात" लिहिणारा माणूस आत्मचरित्र लिहायला लायक आहे. माझा आक्षेप मागं घेतो. अर्धा.

भाऊ आहेत का? त्यांनाच विचारा की.

---

डबलबेल | मंगळवार, सकाळी ९.४५

आहे. गावाकडंच असतो. कसं विचारू? पन्नास वर्षांत ह्या विषयावर आम्ही एक अक्षर बोललो नाही.

---

हेडमास्तर_निवृत्त | मंगळवार, दुपारी १.३०

विचारण्याआधी शाळेत जा. शाळेचं जनरल रजिस्टर कायम जतन करायचं दप्तर आहे. पन्नास काय, शंभर वर्षांपूर्वीचीही काही शाळांत सापडतात. त्यात प्रत्येक मुलाची एक ओळ असते: दाखल तारीख, जन्मतारीख, प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख, इयत्ता, आणि शाळा सोडण्याचं कारण. कारणाच्या रकान्यात आम्ही मास्तर लोक थोडक्यात लिहितो, पण लिहितो. भावाच्या दाखल्याची प्रत मागितली तरी तेच उतरून मिळेल. त्यांची सही लागली तर तेवढ्या निमित्तानं बोलणंही होईल.

---

अर्धा_कप | मंगळवार, दुपारी १.४१

हा प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवलाय.

---

मोडीवाचक | मंगळवार, दुपारी २.१५

अवांतर: जनरल रजिस्टरातल्या जन्मतारखांवर फार विसंबू नका. अर्ध्या महाराष्ट्राचा वाढदिवस १ जूनला येतो, कारण पोराला शाळेत घालताना तारीख माहीत नसली की मास्तर तीच टाकायचे.

---

हेडमास्तर_निवृत्त | मंगळवार, दुपारी २.२०

मान्य. मीही टाकल्यात.

---

शेवंतीची वेणी | पंचवीस दिवसांनी, शनिवार, संध्याकाळी ६.००

धागा वर आणतेय. काका, कुठं आहात? शाळेत गेलात का?

---

डबलबेल | रविवार, रात्री १०.३०

गेलो होतो. लिहायला धीर होत नव्हता. आज लिहितो. लांबेल.

शाळेत आता सगळे तरुण मास्तर. क्लार्कनं तासभर शोधून कपाटाच्या खालच्या कप्प्यातून रजिस्टर काढलं. लाल कापडी बांधणी, कडा उंदरांनी खाल्लेल्या. आधी माझीच ओळ सापडली. मग पाठीमागं जाऊन भावाची.

शाळा सोडल्याची तारीख: २७ नोव्हेंबर १९७२. इयत्ता: अकरावी. वर्तणूक: चांगली. कारण: घरगुती अडचण.

आणि प्रगतीच्या रकान्यात: उत्तम.

माझ्या ओळीत प्रगती "बरी" आहे.

मी तिथं बाकावर बसलो. क्लार्कनं पाणी दिलं. शाळेची गोडी नव्हती असं मी लिहिलं होतं. अकरावी म्हणजे जुनी मॅट्रिक. मार्चमध्ये परीक्षा, चार महिने उरले होते.

पुढचं ऐका. माझ्या पहिल्या वहीत, पान एकशे बारावर, मी वसतिगृहात कसा गेलो ते आहे. डिसेंबर १९७२. तिथं मी लिहिलंय की वडिलांनी पोटाला चिमटा घेऊन मला तालुक्याला ठेवलं. आणि दुसऱ्या वहीत भाऊ खडी फोडायला गेला ते आहे. नोव्हेंबर १९७२. पहिल्या वहीत पैसे गेले, दुसऱ्या वहीत पैसे आले, आणि मी छत्तीस वर्षं वेबिल लिहिलेला माणूस, प्रत्येक टप्प्याला तिकिटाचा आकडा मांडणारा, मला ह्या दोन पानांचा मेळ घालावासा वाटला नाही. वडलांचा चिमटा कसला, बैलं विकून झाली होती, वडील स्वतः कामावर होते. वसतिगृहाचे पैसे खडीचे होते. भावाच्या खडीचे.

मला गुरुजी घरी आलेले आठवत नाहीत, कारण मी त्या वेळी घरात असलोच तर वसतिगृहाची पेटी भरत असणार. आठवण राहण्यासारखी नवी पत्र्याची पेटी होती. तिचं वर्णन वहीत दीड पान आहे. कुलूप, किल्ली, झाकणाच्या आतला कागद, सगळं.

---

जाई | रविवार, रात्री १०.४१

काका...

---

खडूस | रविवार, रात्री १०.५५

पेटीचं दीड पान काढू नका. आहे तिथंच राहू द्या आणि त्याला लागून रजिस्टरातली ओळ लिहा. मधे एक शब्दही नको.

---

डबलबेल | सोमवार, सकाळी ७.०५

खडूस, तसंच केलंय.

काल एक लिहायचं राहिलं. परवा गावालाही जाऊन आलो, भावाकडं. नवी लिहिलेली पानं घेऊन. त्याला हल्ली कमी ऐकू येतं, म्हणून ओसरीवर जवळ बसून मोठ्यानं वाचायला लागलं. शेजारच्या दोन घरांनी पण ऐकलं असणार. वहिनी दारात उभी. मी दुष्काळाचं वाचलं, खडी केंद्राचं, म्हणजे सरकारी दुष्काळी कामाचं वाचलं, रजिस्टरातली ओळ वाचली. प्रगती उत्तम म्हणताना माझा आवाज बसला. तो दोरी वळत होता, वळत राहिला.

वाचून झालं. मी थांबलो. त्यानं दोरीला पीळ दिला आणि म्हणाला,

"सुकडीची भाकरी लिवलीस त्वा. सुकडीची कुठं भाकरी आस्ती? सुकडी कामावर मिळायची, ती तशीच खायची. भाकरी मिलोची. लाल. थंड झाली की चामडं. तुला काय ठाव, तू कुठं व्हतास."

(सुकडी म्हणजे दुष्काळी कामावर वाटायचे ते कोरडं पौष्टिक खाणं, मिलो म्हणजे तेव्हा परदेशातून आलेली लाल ज्वारी.) रागानं नाही म्हणाला. दुरुस्ती म्हणून म्हणाला. मी पेन काढून तिथंच खोडलं. खरंच मी नव्हतो. मी वसतिगृहातली आमटी खात होतो.

वहिनीनं चहा आणला. तो निम्मा पिऊन झाल्यावर त्यानं विचारलं, "गुरुजींचं लिवलंस का?" म्हटलं, धाकटीनं सांगितलं ते लिहिलंय, घरी आले होते म्हणून. तर म्हणाला, "कशाला आलं हुतं ते न्हाय लिवलं. मॅट्रिकच्या फारमाचं पैसं त्येंनी भरलं हुतं, पदरचं. मी परीक्षेला बसलोच न्हाय. ते पैसं द्यायचं राह्यलं."

गुरुजी जाऊन पंचवीस वर्षं झाली असतील. मी विचारलं, किती होते. त्यानं रुपये-पैसे सांगितले. एका दमात, न आठवता, जसं मला तिकिटाचे टप्पे आठवतात तसं. तो आकडा इथं लिहीत नाही. वहीत लिहिलाय.

---

गावकूस | सोमवार, सकाळी ८.१५

काका, मी आज चुलत्याकडं जाऊन येतो. लिखाण घेऊन. बघू.

---

अर्धा_कप | सोमवार, सकाळी ८.३०

नेहमीसारखं +१ लिहून पुढं जाणार होतो. हात थांबला.

---

टंकनिका | सोमवार, सकाळी ९.५०

काका, वह्या पाठवा, टाइप मी करते. पैशाचं नंतर बघू, आधी पहिली दोन पाठवा. शुद्धलेखन माझ्याकडं सोडा. फक्त भावांची वाक्यं जशी आहेत तशीच राहतील. "ठाव"चं "ठाऊक" करा, "लिवलंस"चं "लिहिलंस" करा असं कुणी शहाणा सांगायला आला तर माझा नंबर द्या.

आणि सुकडीची खोडलेली ओळ खाडाखोडीसकट पाठवा. खोडून वरती "मिलो" लिहिलंय ना? त्या पानाचा फोटो घालू.